गार झाल्याशिवाय

शिरोलीत माझं काम भेगा शोधायचं.
भट्टीतून आलेलं हाऊसिंग पुसायचं, लाल रंग फवारायचा,
दहा मिनिटं थांबून परत पुसायचं,
वर पांढरी पावडर.
भेग असली तर केसाएवढी लाल रेघ
आपणहून वर येते.
अकरा वर्षांत एकही सुटली नाही नजरेतून.
(एक सुटली. ती पुण्याहून परत आली.)

आणि आज आठवा दिवस
मी बेसिनपुढं आ वासून,
मोबाईलची बॅटरी घशात मारून उभा.
पडजीभ लोंबतेय नेहमीसारखी.
डावीकडं काहीतरी लाल.
की रविवारचा तांबडा रस्सा?
दाराबाहेरून आई: "दाढ दुखतीय का काय रं?"

त्या रात्रीचं मला वाईट वाटत नाही, हे आधी सांगतो.
टेंबलाईच्या उताराला मंजिरीची खोली,
वाळत घातलेली मुलांची चित्रं,
मध्येच लाईट गेली तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.
जे केलं ते तोंडानं केलं,
आणि आता त्याच तोंडाला
ते कुणाला सांगता येईना.

एवढ्यानं काय होतंय,
असं आम्हीच म्हणालो होतो.
कारखान्यात याच वाक्यावर
सगळ्यात जास्त माल रिजेक्ट होतो.

घरात माझा कप वेगळा ठेवला, कुणाला न सांगता.
राजवीरनं चोखलेली कुल्फी पुढं केली,
"मामा, एक घास."
नको म्हटलं. पोरगं हिरमुसलं.
रात्री माझं ताट मीच कढत पाण्यानं धुतलं.
आईला वाटलं, लग्नाचं मनावर घेतलंय पोरानं.

सीपीआरमध्ये दोनदा गेटवरून परतलो.
तिसऱ्यांदा केसपेपर काढला.
चिठ्ठीवर नाव नाही, नंबर.
आमच्याकडं प्रत्येक ओतकामावर असतो तसा,
कुठल्या दिवशी, कुठल्या भट्टीतून.

सनगर मॅडमनी विचारलं, "तोंडानं?"
मेथी कशी दिली विचारावं, तितक्या सहज.
मी मान हलवली.
"तोंडात जखम होती? हिरड्यांतून रक्त?"
"नाही."
"मग एचआयव्हीचा धोका त्यातनं फार कमी.
शून्य म्हणणार नाही मी.
पण गरमी, परमा हे घशातसुद्धा येऊन बसतात,
आणि बसले तरी पुष्कळदा बोलत नाहीत.
घशाचा स्वॅब घेऊ, कोरोनात घेत होते तसा.
रक्त आज, आणि परत तीन महिन्यांनी."

"आजच का कळत नाही सगळं?"
मी जरा चढ्या आवाजात.
आणि विचारता विचारता माझं मलाच उमगलं.
गरम ओतकामावर रंग टाकत नाहीत.
टाकला तर चरचरत उडून जातो,
रेघ असून दिसत नाही.
नव्या पोरांवर मीच खेकसतो,
गार होऊ दे की आधी!

उठताना विचारलं, "ताटवाटी?"
तेव्हा मात्र त्या हसल्या.
"ताटवाटीनं नाही पसरत. भाच्याची कुल्फी खावा खुशाल."

दसरा चौकात गाडीवर नुसता बसून राहिलो.
"तूही तपासून घे," लिहिलं.
वाचल्यावर आरोपपत्र वाटलं. पुसलं.
"तुझी काळजी वाटते," लिहिलं. खोटं नव्हतं,
पण माझीच जास्त वाटत होती. पुसलं.
शेवटी, "मी आज तपासून आलो."
दोन निळ्या खुणा.
एक एसटी गेली, मग उसाच्या दोन ट्रॉल्या.
मग तिचं आलं:
"मी मंगळवारीच जाऊन आले. तुला कसं सांगू कळंना."

म्हणजे आठवडाभर त्या उतारावरही कुणीतरी
आरशापुढं आ वासून उभं होतं.

घरी आलो. दूधवाल्याच्या कॅलेंडरवर
आईनं मांडलेल्या खाड्यांना चुकवत
तीन महिने पुढं एक फुली केली.
"ही कसली रं?"
"माल गार व्हायचाय."
"मग तवर जेवून घे," म्हणाली.
"तांबडा वाढू का नको?"

माझा कप रॅकमध्ये सगळ्यांच्यात ठेवला.
"वाढ," म्हटलं.